एसओएम येतं, मग एफईला का अडतं?

तुझं पत्र वाचलं. सोलापूरला बीई सिव्हिल, आता ह्यूस्टनला एमएस, एफई सिव्हिल, म्हणजे अमेरिकेतल्या इंजिनिअर लायसन्सची पहिली परीक्षा, पहिल्यांदा दिलीस आणि राहिली, रिपोर्टमध्ये सगळ्यात कच्चं मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स (म्हणजे आपलं एसओएम, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स), आणि "सर, एसओएम तर माझा आवडता विषय होता" हे तू दोनदा लिहिलंयस. वाईट वाटलं गं, कारण तुला विषय येत नाही असं मला अजिबात वाटत नाही.

आपल्याकडे एसओएम म्हणजे मोठमोठी गणितं, डेरिव्हेशन, उत्तर चुकलं तरी स्टेप्सचे मार्क मिळतात. तिथे 110 प्रश्न आणि 5 तास 20 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पुरती तीन मिनिटंही नाहीत आणि स्टेप्स कोणी बघत नाही.

साधं उदाहरण घे. 8 फुटांचा स्टीलचा रॉड, एरिया 1 चौरस इंच, ओढ 10 किप (एक किप म्हणजे 1000 पाउंड), ई म्हणजे यंग्ज मॉड्युलस 29,000 केएसआय (किप प्रति चौरस इंच), किती लांबेल? पीएल भागिले एई (ओढ गुणिले लांबी, भागिले एरिया गुणिले ई) तुला झोपेतही येतं, पण फुटाचे इंच करायचे राहिले तर 0.033 च्या जागी 0.0028 येतं, आणि तसलं उत्तर पर्यायांत असलं की आपण खूश होऊन टिक करून पुढे जातो. आपण सगळं न्यूटन-मिलिमीटरमध्ये शिकलो, तिथे दोन्ही युनिट्स येतात, म्हणून रोज निदान दहा गणितं किप-इंचातच कर.

दुसरं म्हणजे हँडबुक, परीक्षेचं सूत्रांचं पुस्तक. परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएसच्या साइटवर अकाउंट काढलं की फुकट मिळतं, परीक्षेत तेच स्क्रीनवर असतं, तर आजपासून आपली पुस्तकं बाजूला ठेव आणि तेच उघडून सोडव. थिन सिलेंडरला आपण पीडी बाय टू-टी पाठ केलंय, तिथे पीआर बाय टी आहे, घाईत आर, म्हणजे त्रिज्येच्या जागी डायमीटर टाकलास की स्ट्रेस थेट दुप्पट!

सिव्हिलला या विषयाचे 7 ते 11 प्रश्न असतात. अ‍ॅक्सियल, टॉर्शन, बेंडिंग, शिअर-मोमेंट डायग्राम आधी पक्कं कर, मोहर सर्कल नंतर. अडलीस तर फ्लॅग करून पुढे जा, पण एकही प्रश्न कोरा सोडू नकोस, निगेटिव्ह मार्किंग नाहीये.

लगेच तारीख घेऊ नकोस. आधी घड्याळ लावून तासाभरात वीस गणितं सोडव, आणि किती चुकली त्यापेक्षा कुठे चुकली, युनिटला की फॉर्म्युला शोधताना, ते मला लिही, मग तारखेचं ठरवू.