कार्यकर्त्या, कार्यकर्त्री की नेत्या?

एका वाचकाचा प्रश्न आहे: गेल ऑम्वेट यांच्या स्मृतिलेखात मी ‘समाजशास्त्रज्ञ आणि कार्यकर्त्या’ असं लिहिलं. मुद्रितशोधकाने ‘कार्यकर्त्री’ केलं. संपादक म्हणतात, एवढ्या मोठ्या विदुषीला ‘कार्यकर्त्या’ शोभत नाही, ‘सामाजिक नेत्या’ लिहा. बरोबर काय?

तुम्ही लिहिलंत तेच बरोबर आहे.

संस्कृतात ‘कर्तृ’चं स्त्रीलिंग ‘कर्त्री’ होतं हे खरं, आणि ‘अभिनेत्री’ आपण तशीच उचललीही. पण ‘कर्ता’ मराठीत इतका मुरला की त्याचं स्त्रीलिंग मराठीनेच घडवलं. घरातली कर्ती बाई, कर्तीसवरती मुलगी. ‘कर्त्री बाई’ कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणून एकीला कार्यकर्ती, कार्यकर्तीने, कार्यकर्तीला. अनेकींसाठी आणि आदरार्थी कार्यकर्त्या.

संपादकांचा आक्षेप मात्र मला जास्त लागला. सतरंज्या उचलणारा, घोषणा देणारा तो कार्यकर्ता, असा अर्थ पक्षांच्या राजकारणाने या शब्दाला चिकटवला. मूळ अर्थ किती साधा आहे: काम करणारा. ऑम्वेट यांचा जन्म 1941 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला झाला. बर्कलेच्या विद्यापीठात 1973 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, ती पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवरच्या प्रबंधासाठी. फुल्यांचा सत्यशोधक समाज हा त्या अभ्यासाचा गाभा. प्रबंध झाला, पण त्या परत जाऊन स्थिरावल्या नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात घर केलं, 1983 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, श्रमिक मुक्ती दलाच्या उभारणीत राहिल्या. पुणे विद्यापीठातल्या फुले-आंबेडकर अध्यासनाचं कामही त्यांनी पाहिलं. 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावातच त्या गेल्या. या आयुष्याला ‘कार्यकर्त्या’ हा शब्द कमी पडत नाही. उलट ‘नेत्या’ म्हटलं की बाई पुढे आणि लोक मागे असं चित्र उभं राहतं, ते मला त्यांच्याबाबतीत पटत नाही.

तुमचं ‘आणि’ही तसंच राहू द्या. कुणी तिथे ‘तसेच’ घातलं तर मान्य करू नका. ‘तसेच’ आलं की दुसरी ओळख पुरवणीसारखी वाटते. त्यांच्या प्रबंधाचा विषयच चळवळ होता, तिथे पुरवणी कुठली?

एक सावधगिरी. ‘कार्यकर्त्या प्राध्यापकांना अभिवादन’ अशी रचना करू नका. पुल्लिंगी ‘कार्यकर्ता’चं सामान्यरूपही ‘कार्यकर्त्या’च होतं, त्यामुळे प्राध्यापक पुरुष की स्त्री हे कळतच नाही. नाव आधी, मग ‘या कार्यकर्त्या होत्या’, एवढं केलं की गोंधळ मिटतो.

असाच घोळ ‘कार्यकर्त्यांनी’मध्ये आहे, आणि तो जास्त बोचणारा. सांगली-साताऱ्याकडे परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत ऑम्वेट होत्या. ज्यांना गावात ‘टाकलेली’ म्हणत, त्या बायकांची ही चळवळ. तिच्याबद्दल लिहिताना ‘कार्यकर्त्यांनी मोर्चा काढला’ लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतील. तिथे सरळ ‘बायकांनी मोर्चा काढला’ असं लिहा.