सागाची विरळणी करताना जाड झाडं काढायची की बारीक?

तुमचा साग सहा वर्षांचा, सोलापूरकडच्या मोहोळ भागात, आठ बाय आठ फुटांवर. झाडं उंच झालीत पण जाड होत नाहीत, आणि व्यापारी म्हणतोय, जाड-जाड मला द्या, बारीक मागून वाढतील. अजिबात देऊ नका. एकाच रानात, एकाच पाण्यावर सहा वर्षांत जे मागे पडलं, ते शेजारचं काढल्यावरही सहसा मागेच राहतं. तुम्ही पाच वर्षांनी नुसते वासे सांभाळत बसाल. बार्शीकडे माझाही साग आहे. जाड झाडांवर डोळा ठेवणारे व्यापारी माझ्याकडेही येतात.

आठ बाय आठ म्हणजे एकरी ६८० झाडं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे साग बाराशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसात वाढतो. आपल्याकडे जेमतेम त्याच्या निम्मा. म्हणजे झाडांचं आपसातलं भांडण उन्हाचं आहेच, पण त्याहून जास्त ओलीचं.

रानात उभं राहून वर बघा. शेंडे एकमेकांत घुसलेत, खालच्या फांद्या वाळल्यात, बुडाशी गवतही उगवत नाही, तर विरळणीची वेळ झालीच. काढायच्या झाडांवर खूण मात्र पाऊस संपताना, पानं असताना करा, तेव्हाच दबलेलं झाड ओळखू येतं. वाकडं, दुबेळकं, शेंडा मोडलेलं, दोन चांगल्यांच्या मध्ये अडकलेलं, यांना चुना लावा. तोड पानगळीनंतर. एकाआड एक तिरप्या ओळी काढायची पद्धतही आहे, त्यात एकरी ३४० उरतात. पण ती डोळे मिटून केलीत तर चांगलंही जातं. आणि एका दमात फार मोकळं करू नका, अचानक ऊन लागलं की खोडावर फुटवे येतात आणि लाकूड गाठाळ होतं.

या तोडीतून पैशाची फार आशा धरू नका. कोवळ्या सागात गाभा थोडा, पांढरं लाकूडच जास्त, आणि ते वाळवी खाते. मांडवाला, तात्पुरत्या कुंपणाला ठीक.

खुंट फुटतात, ते फुटवे वेळच्या वेळी मोडा, नाहीतर गर्दी परत तीच.

कुऱ्हाड लावण्याआधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते बघा. साग स्वतःच्या रानातला असला तरी १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, तेव्हा आधी वन विभागाची परवानगी, आणि माल हलवायचा तर वाहतूक परवाना. बांधावरच्या एकेरी ओळीला ही विरळणी लागत नाही, तिला बाजूनं ऊन मिळतंच.