गेगल बसवलंय, तरी मेसन म्हणतं सापडत नाही

तुम्ही उबुंटूवर गिंप ३.० (चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर) सोर्समधून बांधताय, त्याला लागणाऱ्या बाबल आणि गेगल या लायब्ररी होममधल्या वेगळ्या प्रिफिक्समध्ये (इन्स्टॉलच्या मुख्य फोल्डरात) बिनतक्रार बसल्या, आणि तरी मेसन हे बिल्डची जुळणी करणारं टूल सिस्टिमचं जुनं गेगल दाखवून 'नवीन हवं' म्हणतंय. हे दुखणं मी चांगलंच भोगलंय. डेव्ह पॅकेजेस, कंपायलर वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी प्रिफिक्समध्ये जाऊन गेगलची पीसी फाइल (लायब्ररी कुठे आहे, कुठली आवृत्ती ते सांगणारी) नक्की कुठे पडलीय ते पाहा. डेबियन-उबुंटूवर मेसन लायब्ररी नुसत्या 'लिब'मध्ये टाकत नाही, तर 'लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू'मध्ये टाकतं. जुन्या सूचनांमध्ये मात्र 'लिब/पीकेजीकॉन्फिग' असंच छापलेलं असतं. तो फोल्डर नसला तरी पीकेजी-कॉन्फिग (मेसनला पीसी फाइली शोधून देणारं टूल) चकार शब्द काढत नाही, गुपचूप सिस्टिमच्या गेगलकडे वळतं. त्याला 'पीसीफाइलडिर' हे व्हेरिएबल विचारा, कुठल्या फोल्डरातली फाइल उचलली ते लगेच कळेल.

आता 'पीकेजी कॉन्फिग पाथ' या व्हेरिएबलमधला पाथ दुरुस्त केला तरी त्याच बिल्ड फोल्डरात फरक दिसणार नाही. मेसन हा पाथ पहिल्या सेटअपला वाचून साठवून ठेवतं. नंतर टर्मिनलमध्ये कितीही एक्स्पोर्ट करा, ते ढुंकूनही बघत नाही. रीकॉन्फिगरच्या फंदात न पडता बिल्ड फोल्डरच उडवा. (फक्त बिल्ड फोल्डर. प्रिफिक्स नव्हे!)

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. तेव्हा जिथे कामाला होते तिथल्या सिस्टिम विभागाने सगळ्यांच्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडताच चालणाऱ्या फाइलीत) कोंडा, म्हणजे पायथॉनवाल्यांचं पॅकेज मॅनेजर, परस्पर चालू करून ठेवलं होतं, आणि त्यात पीकेजी-कॉन्फिगही होतं. गेगल माझं सापडायचं, जीलिब (गेगललाही लागणारी मूळ लायब्ररी) कोंडाचं. कॉन्फिगर पास, कंपाइल पास, आणि लिंकिंगला आल्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स'ची रांग. तक्रार केली तर उत्तर आलं, 'कंपायलर बसवलेला आहे', आणि तिकीट बंद. परत उघडलं, परत बंद. कुणी लॉग उघडायची तसदी घेतली नाही. बिल्ड फोल्डरातल्या 'मेसन-लॉग्स'मधल्या फाइलीत कुठलं पीकेजी-कॉन्फिग चालवलं ते पूर्ण पाथसकट लिहिलेलं असतं! तिथे 'यूएसआर/बिन'ऐवजी कोंडाचा पाथ दिसला की समजा. कोंडा डीॲक्टिव्हेट करा, बिल्ड फोल्डर पुसा, नव्याने सेटअप करा. माझ्या मते डेस्कटॉप सॉफ्टवेअर बांधायच्या टर्मिनलमध्ये कोंडा असूच नये. पायथॉनवाले भांडतील, भांडू देत.

पुढे 'गेगलची जीआयआर फाइल (लायब्ररी इतर भाषांतून वापरता यावी म्हणून तिचं वर्णन असलेली) मिळत नाही' असं आलं, तर एक्सडीजी डेटा डिर्स या व्हेरिएबलमध्ये प्रिफिक्सचं 'शेअर' घाला. तिथे 'यूएसआर/शेअर'ही राहू द्या. एलडी लायब्ररी पाथ या व्हेरिएबललाही तोच लांबलचक लिब फोल्डर लागतो. हे सगळं एका छोट्या शेल फाइलीत लिहून दर वेळी सोर्स करा; बॅशआरसीत नको.

कुणी 'सुडो लावून सरळ यूएसआरमध्ये इन्स्टॉल करा' म्हणालं तर ऐकू नका. चालेलही कदाचित, पण पुढच्या ॲप्ट अपग्रेडला कुठली फाइल कोणाची हे शोधत बसाल. रॅम कमी असेल तर निंजाला (मेसनच्या जुळणीनुसार प्रत्यक्ष कंपाइल करणाऱ्या टूलला) 'जे २' द्या, म्हणजे एका वेळी दोनच कामं; नाहीतर ते आपणहून कोअरपेक्षाही जास्त कामं एकदम काढतं आणि मशीन गोठतं.

मी हे डेबियनसारख्या सिस्टिमवरच केलंय. फेडोरावर फोल्डरांची नावं वेगळी असतात, तिथे माझ्यावर विसंबू नका. आणि कोडमध्ये काही बदलायचं नसेल, नुसतं नवीन गिंप हवं असेल, तर फ्लॅटपॅक (तयार बांधलेलं पॅकेज) घ्या. इतकं करूनही अडलंच तर पूर्ण मेसन लॉग टाका. स्क्रीनशॉट नको, त्यात नेमकी हवी ती ओळ कापलेली असते.