बुधाच्या कक्षेच्या आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह खगोलशास्त्रज्ञांनी खरोखर पाहिला होता का?

नाही, असा ग्रह अस्तित्वातच नाही, मात्र तो पाहिल्याचे दावे काही निरीक्षकांनी केले होते. बुधाचा उपसूर्यबिंदू (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) न्यूटनच्या नियमांनुसार यावा त्यापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अधिक सरकतो. युरेनसच्या विचलनावरून नेपच्यूनचे स्थान वर्तवणाऱ्या उर्बेन ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये या फरकामागेही अज्ञात वस्तुमान असावे असे मांडले (एकदा फळलेली पद्धत पुन्हा वापरण्यात गैर काहीच नव्हते), आणि लेस्कार्बो या फ्रेंच डॉक्टरांनी सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचे सांगितलेला काळा ठिपका त्यांना त्याचा पुरावा वाटला. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात वॉटसन आणि स्विफ्ट या अमेरिकी निरीक्षकांनीही सूर्याजवळ अनोळखी प्रकाशबिंदू दिसल्याचे कळवले. परंतु त्यांनी दिलेली स्थाने एकमेकांशी जुळली नाहीत, आणि नंतरच्या ग्रहणांतही तो ग्रह सापडला नाही. अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धांताने तो फरक कोणत्याही ग्रहाविना नेमका स्पष्ट केला. अर्थात, हा नकार ग्रहापुरता आहे: बुधाच्या कक्षेच्या आतल्या पट्ट्यात काही किलोमीटर आकाराचे लघुग्रह असणे सिद्धांततः शक्य आहे, परंतु आजवर त्यांपैकी एकही आढळलेला नाही.