‘आई, हे खरंच घडलं होतं का?’

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी सल्ला

एका वाचक-मातेचे पत्र आले आहे. त्या लिहितात: “माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. एखादी मुलगी जुन्या आरशातून शेकडो वर्षे मागे जाते आणि थेट राजवाड्यात जाऊन पडते, अशा कादंबऱ्यांचा ती फडशा पाडते. मागच्या सुट्टीत मी भारतातून तिच्यासाठी अहिल्याबाई होळकरांचे चरित्र हौसेने आणले, पण तीन पाने वाचून तिने ते बाजूला ठेवले. या जादूच्या पुस्तकांमुळे तिला खऱ्या इतिहासाची गोडीच लागणार नाही, अशी भीती वाटते. ती बंद करावीत का? शिवाय आजी व्हिडिओ कॉलवर झाशीच्या राणीची गोष्ट सांगू लागल्या की ही मध्येच विचारते, ‘हे खरंच घडलं होतं का?’ आणि आजी दुखावतात.”

पुस्तके बंद करू नयेत, हे आधीच सांगून टाकते. राजवाडा ही जागा मुलांना मुळातच ओळखीची वाटते, कारण तिथल्या राजकन्येवरही सतत कुणाची तरी नजर असते, तिच्याविषयीचे निर्णय मोठी माणसे बंद दाराआड घेतात आणि तिला ते सर्वांत शेवटी कळतात. जादूचा आरसा केवळ आत शिरण्यापुरता असतो. एकदा आत गेल्यावर थंडगार दालने, दासींची कुजबुज, आजारी राजा आणि वारसाहक्काची भांडणे हे सगळे त्या काळाचेच असते, आणि चांगला लेखक ते अभ्यास करूनच उभे करतो.

या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना प्राचीन इजिप्तवरची अशीच एक कादंबरी आम्ही रोज रात्री मोठ्याने वाचत असू आणि मी दर दोन पानांनी थांबून ‘हे असे नव्हते हं’ असे सांगत असे. चौथ्या दिवशी त्याने पुस्तक मिटले, माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “मग तूच लिही ना पुस्तक!” उरलेला भाग त्याने पांघरुणाखाली टॉर्च घेऊन एकट्याने वाचला. तेव्हापासून गोष्ट चालू असताना दुरुस्ती करायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

दुरुस्ती करायची ती पुस्तक संपल्यावर, आणि तीही मुलाच्याच हाताने. एका कागदावर तीन रकाने आखावेत: खरे, रचलेले आणि शोधायचे. इजिप्तची राणी हातशेप्सुत घ्या. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिने फारो म्हणून राज्य केले, मूर्तींमध्ये तिला राजचिन्ह म्हणून दाढी दाखवली आहे आणि देर अल-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतीवर पुंत देशाहून टोपल्यांतून मुळांसकट आणलेली सुगंधी झाडे कोरलेली आहेत; ही सगळी नोंद पहिल्या रकान्यात जाईल. बोलणारे मांजर आणि काळ उलटा फिरवणारा ताईत दुसऱ्या रकान्यात जातील. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी अनेक ठिकाणी तिचे नाव आणि चित्रे छिन्नीने खरवडून काढली गेली, पण ती नेमकी कशासाठी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही, म्हणून तो प्रश्न तिसऱ्या रकान्यात लिहावा. माझ्या अनुभवात मुले सर्वांत जास्त रमतात ती या तिसऱ्या रकान्यात. अशा कादंबऱ्यांच्या शेवटी पुष्कळदा लेखकाने आपण काय रचले याची कबुली दिलेली असते. ती आपण आधी वाचून ठेवावी, मुलाला मात्र शेवटीच दाखवावी.

आता तीन पानांवर थांबलेल्या चरित्राविषयी. पुस्तक मी पाहिलेले नाही, पण त्या तीन पानांत काय असेल याचा अंदाज करता येतो: १७२५ साली चौंडी येथे जन्म, घराण्याची माहिती आणि लहानपणापासून अंगी असलेल्या सद्गुणांची यादी. आपल्याकडच्या बहुतेक बालचरित्रांत राणीला पहिल्याच पानावर देव्हाऱ्यात बसवले जाते आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीचे पुढे काय होणार, अशी उत्सुकता कोणत्याच मुलाला वाटत नाही. म्हणून पुस्तक मधूनच उघडावे आणि १७६७ सालापासून वाचायला घ्यावे. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेलेले, कारभार शिकवणारे सासरे मल्हारराव १७६६ मध्ये वारलेले, आणि आता एकुलता एक मुलगा मालेरावही गेलेला. गादीला वारस नाही, हे पाहून माधवराव पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन निघाले आहेत. बाईंनी त्यांना पाठवलेल्या निरोपाची गोष्ट परंपरेने सांगितली जाते: बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. लढाई झाली नाही, माधवराव पेशव्यांनी बाईंच्या कारभाराला मान्यता दिली आणि १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवले. एवढे ऐकल्यावर ‘ही आधी कोण होती?’ असे मुलगी स्वतःच विचारील, आणि मग चौंडीची ती तीन पाने तिला कंटाळवाणी वाटणार नाहीत.

हे वाचन आपण मोठ्याने आणि मराठीतून करावे. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी ऐकून चांगली कळते, पण डोळ्यांनी वाचताना दम लागतो. पुस्तक टाकण्याचे खरे कारण अनेकदा तेवढेच असते. वाचताना जुन्या शब्दांचे लगेच भाषांतर करू नये. ‘दौलत’ हा शब्द आला की मुलांना पैसे आठवतात, पण त्या काळच्या लिखाणात दौलत म्हणजे राज्य. ‘खासगी’ म्हणजे होळकरांच्या घरातल्या स्त्रियांचे स्वतंत्र उत्पन्न. बाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जो दानधर्म केला, त्याचा खर्च या खासगीतून होत असे. त्यासाठी दौलतीला हात लावला जात नसे. राज्याचा पैसा आणि आपला पैसा वेगळा, हे दहा वर्षांच्या मुलाला चटकन समजते, कारण खाऊचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे यांतला फरक त्याला ठाऊक असतो.

जमल्यास त्या काळातल्या होळकरांच्या रुपयाचे चित्र इंटरनेटवर शोधून दाखवावे. नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचे पान दिसते, पण नाव आहे दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे. “राणी हीच होती, मग नाव त्याचं का?” हा प्रश्न मुलगी विचारीलच. त्याचे उत्तर देताना अठराव्या शतकातले अर्धे राजकारण आपोआप सांगून होते.

वाचकांना एक इशारा द्यायला हवा. चरित्र म्हणून छापलेले प्रत्येक पान खरे असते, असे धरून चालू नये. बालचरित्रांत अवतरणचिन्हांत लांबलचक संवाद असतात आणि ते कुणी कुठे नोंदवले याचा पत्ता नसतो. काय रचले ते उघडपणे सांगणारी जादूची कादंबरी मला अशा चरित्रापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. म्हणून तीन रकान्यांचा तोच कागद चरित्रासाठीही वापरावा.

आपल्या मुली ज्या देशात शाळेत जातात, तिथल्या राण्यांच्या गोष्टीही त्या वाचणारच. तेव्हा ‘आपली राणी मोठी की त्यांची’ असा सामना लावण्याचा मोह आवरावा, कारण त्यात मुलांचा कल बहुधा वर्गातल्या मैत्रिणी जिकडे, तिकडेच जातो. त्याऐवजी वयाची जोडी लावावी. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ तीन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा, १५३६ साली, तिच्या आईला मृत्युदंड दिला गेला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सात वर्षांचे असताना, १६८९ मध्ये, रायगड पडला आणि ते आई येसूबाईंसह मुघलांच्या कैदेत गेले. पतीच्या निर्घृण हत्येनंतर आपल्या मुलाचा हक्क पुढे न रेटता येसूबाईंनी दीर राजारामांना गडावरून सुखरूप बाहेर पडू दिले आणि स्वतः मागे राहिल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले, त्या मात्र १७१९ मध्ये, म्हणजे कैदेत तीस वर्षे काढून, परतल्या. या गोष्टीत तलवार एकदाही उपसली जात नाही, आणि तरीही मी ती सांगते तेव्हा मुले चिडीचूप असतात.

मृत्युदंड, सती आणि छळ यांचे प्रसंग या चरित्रांत येतात. अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये सती गेली आणि आईला तिला थांबवता आले नाही. असे पान आपण आधी वाचलेले असावे आणि ते झोपण्यापूर्वी वाचायला घेऊ नये.

राहता राहिल्या आजी. दत्तक मुलाला पाठीशी बांधून घोड्यावरून किल्ल्याच्या तटावरून घेतलेली उडी हा त्यांच्या गोष्टीचा कळस असणार, आणि प्रश्नही तिथेच येत असणार. कॉल चालू असताना आजींना खोटे पाडू नये. नंतर मुलीला सांगावे, की एप्रिल १८५८ मध्ये राणी रात्री निवडक लोकांसह झाशीतून निसटली हे इतिहासात आहे आणि उडी लोकांच्या आठवणीत आहे. त्या वेढ्याच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत गेलेल्या या भिक्षुकाने पुढे अनेक वर्षांनी आठवणीतून सगळे लिहून काढले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. आजींनी त्यातली राणीच्या दिनक्रमाची आणि पुरुषी पोशाखाची वर्णने वाचून दाखवली, तर ‘खरंच घडलं होतं का?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्यांच्या हाताशी एक साक्षीदार असेल आणि दुखावण्याचे कारण उरणार नाही.

त्यानंतर मुलगी बहुधा पाठीवरच्या मुलाविषयी विचारील. राणीची चरित्रे जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ संपतात आणि त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहून जाते, म्हणून एवढे उत्तर आपण तयार ठेवावे: दामोदरराव वाचले, काही काळ रानावनात लपून राहिले, नंतर इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर इंदुरात राहिले आणि १९०६ मध्ये तिथेच वारले.