शटडाऊन झालं तर आपलं नेमकं काय अडतं?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या एच-वनची (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची) मुदत जानेवारीत संपतेय, सासूबाईंचा मुंबईत व्हिसा इंटरव्ह्यू आहे आणि शेजारीण सरकारी खात्यात कंत्राटावर आहे. अमेरिकेत शटडाऊन झालं, म्हणजे खर्चाला मंजुरी नसल्यामुळे सरकारी काम थांबलं, तर या तिघांचं काय?

सगळं सरकार काही बंद पडत नाही. काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) ज्या खात्यांचा खर्च मंजूर केलेला नसतो, तेवढ्यांचेच हात बांधले जातात. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून सप्टेंबर संपत आला की ही धाकधूक. तेव्हा प्रत्येक कामाबद्दल आधी एवढंच बघा: ते टेबल कोणाच्या पैशावर चालतं? अर्जदारांच्या फीवर चालत असेल तर बहुतेक चालूच राहतं.

सासूबाईंचं सोपं आहे. व्हिसाचं काम फीवर चालतं, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतली तारीख घाबरून रद्द करू नका. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) तर भारत सरकारचं काम, वॉशिंग्टनमधल्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. (तरी दर वेळी कोणीतरी विचारतंच!)

गोम आहे ती एच-वनमध्ये. अर्ज जातो यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या खात्याकडे, ते फीवर चालतं. पण अर्जाला जोडायचा एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने भरलेला, मंजूर झालेला फॉर्म) देतं लेबर डिपार्टमेंट, आणि ते काम काँग्रेसच्या पैशावर. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरला शटडाऊन लागलं आणि एलसीए, पर्म (ग्रीन कार्डसाठीची लेबरची मंजुरी), प्रिव्हेलिंग वेज (त्या कामाचा प्रचलित पगार ठरवून देणं) सगळं ठप्प झालं. शटडाऊन ४३ दिवस चाललं. हे काम ऑक्टोबरअखेरीस सुरू झालं खरं, पण ज्यांची मुदत मधेच संपत होती त्यांची झोप उडाली. उलट २०१८-१९ चं शटडाऊन ३५ दिवसांचं असूनही लेबरचं बजेट आधीच मंजूर होतं, त्यामुळे एलसीए मिळत राहिले. म्हणून बातमीत 'शटडाऊन' दिसलं की कोणत्या खात्याचं, ते वाचा.

एक्स्टेन्शन सहा महिने आधीपासून भरता येतं आणि एलसीएला साधारण सात कामाचे दिवस लागतात. तेव्हा कंपनीच्या वकिलाला आजच मेल टाका आणि निदान एलसीए तरी काढून ठेवायला सांगा. तो हातात असला की शटडाऊनमध्येही अर्ज जातो, आणि मुदतीच्या आत पोचला तर त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. नोकरी बदलायचा विचार असेल तर नव्या कंपनीचा अर्ज दाखल होईपर्यंत राजीनामा देऊ नका. शटडाऊनमुळे उशीर झाला तर ते कारण विचारात घेऊ, असं यूएससीआयएसने २०२५ मध्ये सांगितलं होतं, पण तो त्यांच्या मर्जीचा मामला. त्यावर विसंबू नये.

शेजारणीची मला जास्त काळजी वाटते. कायम कर्मचाऱ्यांना नंतर थकलेला पगार मिळावा म्हणून २०१९ चा कायदा आहे, कंत्राटी लोकांना त्यात काहीच नाही. तिने काम थांबताच राज्याच्या बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करावा आणि घराचा हप्ता चुकण्याआधी बँकेला फोन करावा, चुकल्यावर नव्हे. भाडं, वीजबिल, किराणा यासाठी २११ हा फोन नंबर फिरवला की जवळच्या संस्थांची माहिती मिळते. लहान मूल असेल तर विकबद्दल (WIC, आई आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना) विचारावं. तिथे इमिग्रेशन स्टेटस बघत नाहीत. फूड स्टॅम्पवर (किराण्यासाठीच्या सरकारी मदतीवर) मात्र भिस्त नको, नोव्हेंबर २०२५ मध्ये तेही रखडले होते. फूड पँट्रीत (फुकट धान्य-किराणा देणाऱ्या केंद्रात) जायला लाज वाटत असेल तर गुरुद्वाऱ्याचं लंगर आहेच, तिथे कोणी काही विचारत नाही.

एखादी फाइल अडकलीच तर तुमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या स्थानिक ऑफिसला फोन करा. शटडाऊनमध्ये तिथले लोक कमी असू शकतात, पण तुम्ही मतदार नसलात तरी विचारता येतं.

आणि सासूबाईंचं तिकीट काढताना इथे उतरल्यावरची पुढची फ्लाइट घाईची घेऊ नका. टीएसए (विमानतळावरची सुरक्षा तपासणी) आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलवाले शटडाऊनमध्ये बिनपगारी राबतात. २०२५ मध्ये शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करावी लागली होती.