खेळ करून पैसे मागणाऱ्यांचा रस्त्यावर हक्क कसला?

तुम्ही विचारलंय की बाजारात दोर बांधून खेळ करणारे, नंदीबैलवाले, पेटी घेऊन गाणारे हे शेवटी भिकारीच, मग त्यांचा रस्त्यावर हक्क कसला? कुडाळात माझं दुकान आहे, त्यामुळे यांचा त्रास मला ठाऊक आहे. खेळाभोवती गर्दी जमली की माझं गिऱ्हाईक पायरीखालीच अडकतं.

कायदा तुमच्याच बाजूचा आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. गाणं, नाच, भविष्य, खेळ, निमित्त काहीही असो, सार्वजनिक जागी असे पैसे मागितले की ती भीक. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात, पहिल्याच खेपेला १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. फेरीवाल्यांसाठी निदान २०१४ चा कायदा आला. त्यात कलाकारांचं नाव नाही.

आता शिमगा आठवा. सोंगं घेतलेली पोरं रस्त्यात आडवी दोरी धरतात आणि गाड्या अडवून शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागतात. कायद्याच्या अक्षराने तीही भीकच की! पण त्यांना भिकारी कोण म्हणतं? ती अमक्याच्या वाडीतली, तमक्याचे नातू. डोंबाऱ्याला इथे वाडी नाही, एवढंच.

शेजारच्या पिंगुळीत बघा. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगणं, आणि कळसूत्री बाहुल्या सावंतवाडीच्या राजाश्रयाने देवळांतून चालायच्या. त्याच समाजात पांगुळ बैल घेऊन दारोदार फिरणंही होतं. २०२१ मध्ये त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो फिरवले.

म्हणून माझं मत असं: दुकानाच्या तोंडावर नको, एसटीच्या फलाटावर नको, कर्णा तर अजिबात नको. पण आठवडा बाजारात एक कोपरा नि अर्धा-पाऊण तास नगरपंचायतीने नेमून द्यावा. बाजार जेवढा माझा, तेवढा त्यांचाही.

एका ठिकाणी माझा हात आखडतो. दोरावर सात-आठ वर्षांची पोर, पायाखाली जर्मनची थाळी, डोक्यावर एकावर एक तांबे. खाली बाप ढोलकी बडवतोय आणि पोरीची नजर दोराच्या पलीकडच्या टोकावरून हलत नाही. मुलांना भिकेला लावलं तर बाल न्याय कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते योग्यच. फक्त बापाला आत टाकून ती शाळेत जाईल असं समजू नका. शिष्यवृत्ती, वसतिगृह म्हटलं की जातीचा दाखला आला, आणि भटक्या-विमुक्तांना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालात जन्मला नि पालातच गेला, त्याने तो कुठल्या तलाठ्याकडून आणायचा?